आधी दार वाजवा

पन्नास डॉलर.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात हॅबरशॅम नावाची काउंटी आहे. तिथे एका खबऱ्याच्या हवाल्याने सांगितलं गेलं, की अमुक घरातून पन्नास डॉलरचं मेथ विकलं गेलंय. मेथ म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यांना पोखरणारी नशा. तेवढ्यावर वॉरंट निघालं. तेही 'नो-नॉक', म्हणजे दार न वाजवता घुसायची मुभा.

२८ मे २०१४. रात्रीचे दोन वाजून गेलेले. हेल्मेटं घातलेलं, रायफली घेतलेलं पथक दारात उभं. दार ढकललं तर पलीकडे काहीतरी अडत होतं. फटीतून आत फ्लॅशबँग टाकला. डोळे दिपवणारा, कानठळ्या बसवणारा स्फोटक गोळा.

अडत होता तो बाळाचा घडीचा पाळणा.

गोळा पाळण्यात पडला. आत १९ महिन्यांचं मूल झोपलं होतं. त्याचा चेहरा आणि छाती फाटली, भाजली. डॉक्टरांना त्याला औषधं देऊन कोमात ठेवावं लागलं.

अमली पदार्थ सापडले? नाहीत. शस्त्रं? नाहीत. ज्याला धरायला आले होते, तो? तो त्या घरात राहतच नव्हता. मुलाचं कुटुंब तर विस्कॉन्सिनमधलं आपलं घर जळाल्यामुळे नातेवाइकांकडे आसऱ्याला आलेलं. संशयित काही तासांनी दुसऱ्या घरी सापडला आणि मुकाट्याने पोलिसांबरोबर गेला.

त्याच्या दारावर टकटक केली असती, तर कोणाचं काय बिघडलं असतं?

मुलाच्या उपचारांचा खर्च द्यायची वेळ आली तेव्हा काउंटी म्हणाली, कायद्याने आम्हाला तो देता येत नाही. दार फोडायला कायदा आडवा आला नव्हता. पुढे कुटुंब कोर्टात गेलं आणि वेगवेगळे समझोते मिळून सुमारे ३६ लाख डॉलर मिळाले. फौजदारी बाजू सांगायची तर स्थानिक ग्रँड ज्युरीने, म्हणजे आरोप ठेवायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, कोणावरही आरोप ठेवला नाही. वॉरंटसाठी खोटी माहिती दिल्याचा खटला एका महिला पोलिसावर, म्हणजे डेप्युटीवर, केंद्र सरकारने भरला, त्यात ती निर्दोष सुटली.

शिक्षा कोणालाच नाही. शस्त्रक्रिया मात्र त्या मुलाला वर्षानुवर्षं.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण बऱ्याचदा वस्तीने तालुक्याहून लहान. अमेरिकेत अशा तीन हजारांहून जास्त आहेत. हॅबरशॅमची लोकसंख्या तेव्हा ४३ हजारांच्या आसपास. कायदा-सुव्यवस्था पाहतो शेरीफ. मुंबईचा शेरीफ नुसता मानाचा, तिकडचा निवडून आलेला आणि कमरेला पिस्तूल लावणारा. दर काही वर्षांनी मतं मागायची म्हणजे काहीतरी दाखवावं लागतं.

चिलखती गाडी दाखवायला सोपी असते.

हेल्मेट-रायफलींची ही पथकं मुळात शहराची. १९६५ साली लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल पेटली. पुढच्या वर्षी टेक्सासच्या विद्यापीठात एकाने मनोऱ्यावर चढून माणसं टिपली. साध्या पोलिसाच्या हातातली बंदूक अशा वेळी अपुरी पडते, हे कळलं. त्यातून लॉस एंजेलिस पोलिसांनी डॅरिल गेट्स यांच्या पुढाकाराने स्वॅट पथक उभं केलं. काम ठरलेलं होतं. ओलीस, दडून बसलेला बंदूकधारी, अंदाधुंद गोळीबार.

त्या कामाबद्दल कोणाची तक्रार असेल? माझी तरी नाही.

पण पथक एकदा उभं राहिलं की त्याला काम लागतं. ओलीस रोज कोण धरतो? पीटर क्रास्का या प्राध्यापकांनी आयुष्यभर या पथकांचा अभ्यास केला. त्यांच्या अंदाजाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला देशभरात अशी पथकं वर्षाला सुमारे तीन हजार वेळा बाहेर पडत. दोन हजारच्या दशकात हा आकडा ४५ हजारांवर गेला.

ओलीस ठेवणारे पंधरा पट वाढले होते का?

नव्हते. वाढली होती ती वॉरंटं. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्क संघटनेने २०१४ साली आठशेहून अधिक कारवायांची कागदपत्रं तपासली. ७९ टक्के वेळा पथक गेलं ते झडतीचं वॉरंट घेऊन, बहुतेकदा अमली पदार्थांसाठी. ओलीस, दडून बसलेला माणूस, गोळीबार अशा खऱ्या कारणांसाठी गेलं ते ७ टक्के वेळा.

शंभरात सात. उरलेल्या वेळी काय केलं म्हणून ही फौज पोसायची?

पोसायला काउंटीच्या खिशातून फारसं जातच नाही, तिथेच गोम आहे. १९९७ पासून '१०३३' नावाच्या योजनेखाली अमेरिकी लष्कर आपला जादा माल पोलिसांना देतं. रायफली, रात्री दिसणाऱ्या दुर्बिणी, इराक-अफगाणिस्तानसाठी बनवलेल्या सुरुंगरोधक गाड्या. अशा एका गाडीची मूळ किंमत सुमारे सात लाख डॉलर. काउंटीने द्यायचं फक्त वाहतूक भाडं. मग डिझेल आणि दुरुस्ती आपली.

आणि योजनेत एक अट होती. मिळालेला माल वर्षभरात वापरात आणायचा.

ही अट पुन्हा वाचा. गरज पडली तर वापरा, असं ती म्हणत नाही. वर्षाच्या आत वापरा म्हणते. शेतं, गुरं आणि दोन-चार पेट्रोल पंप असलेल्या काउंटीने वर्षाच्या आत सुरुंगरोधक गाडी कुठे वापरायची? कोणाच्या अंगणात न्यायची?

पैशाची दुसरी वाट अमली पदार्थविरोधी अनुदानाची. चार-पाच काउंट्या मिळून एक टास्क फोर्स काढतात आणि केंद्राकडून निधी घेतात. धाडी आणि अटका दाखवल्या की पुढच्या वर्षीच्या अर्जाला वजन येतं. वर जप्त केलेली रोकड, गाड्या यातलाही मोठा वाटा पोलिसांकडेच राहतो. पन्नास डॉलरचा सौदा अशा वहीत एका आकड्याची भर घालतो.

त्या वहीत पाळण्याचा रकाना नसतो.

न्यू हॅम्पशायरमधलं कीन हे तेवीस हजारांच्या आसपास वस्तीचं शांत गाव. त्याने केंद्राच्या गृहसुरक्षा खात्याकडे 'बेअरकॅट' ही चिलखती गाडी मागितली. किंमत पावणेतीन लाख डॉलरच्या वर. दहशतवादाचा धोका कुठे संभवतो, याच्या उदाहरणात अर्जात गावच्या भोपळा महोत्सवाचं नाव होतं. कोरलेल्या भोपळ्यांत दिवे लावण्याचा हा महोत्सव.

गाडी मंजूर झाली.

२०१४ साली त्याच महोत्सवाच्या वेळी दारू प्यालेल्या तरुणांनी दंगल केली. बाटल्या फेकल्या, गाड्या उलटवल्या. समर्थक म्हणाले, बघा, सांगत होतो ना? दंगल झाली हे खरंच, ते लपवायचं कारण नाही. पण बाटल्या फेकणाऱ्या पोरांची झुंड आणि दहशतवादी हल्ला यांना एकाच औषधाची मात्रा कोणता वैद्य देतो?

आता दुसरी बाजू. ती खरी आहे आणि शहरातल्या टीकाकारांना ती दिसत नाही.

ग्रामीण काउंटीत रात्रपाळीला शेकडो चौरस मैलांत दोन डेप्युटी असतात. मदत मागितली तर शेजारची गाडी पाऊण तासाने येते. घराघरात शिकारीच्या रायफली. बायकोला मारहाण करून नवरा बंदूक घेऊन घरात कोंडून घेतो, तेव्हा त्या एकट्या डेप्युटीने काय करायचं? त्याच्या मागे कोणीतरी शिकलेलं, सरावलेलं, शांत डोक्याचं उभं असलंच पाहिजे. पथक नको म्हणणाऱ्याने आधी त्या डेप्युटीच्या जागी उभं राहून बघावं.

आणि पथक नीट चाललं की काय होतं, तेही एका ग्रामीण काउंटीनेच दाखवलंय.

अलाबामातली डेल काउंटी, मिडलँड सिटी नावाचं छोटं गाव. २९ जानेवारी २०१३. एक माणूस शाळेच्या बसमध्ये चढला, चालकाला गोळी घालून ठार केलं आणि पाच वर्षांच्या मुलाला उचलून स्वतः खणलेल्या भुयारात घेऊन गेला. शेरीफने सगळं आपणच करायचा हट्ट धरला नाही. एफबीआयचं ओलीस सुटका पथक आलं. एका नळीतून बोलणं चालू राहिलं. मुलाची औषधं गेली, खेळणी गेली. गुपचूप कॅमेरा आत सोडला. जवळच तशाच भुयाराची नक्कल उभारून सराव केला.

एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. कोणी घाई केली नाही.

सातव्या दिवशी, ४ फेब्रुवारीला, तो माणूस बिथरला आणि त्याच्या हातात बंदूक दिसली. तेव्हा पथक आत घुसलं. तो मेला. मूल सुखरूप बाहेर आलं.

पाच वर्षांच्या मुलासाठी सहा दिवस थांबता येतं. मग पन्नास डॉलरसाठी सकाळ व्हायची वाट का बघता येत नाही?

आणि जिथे क्षणभरही थांबायचं नसतं, तिथे?

टेक्सासमधलं युवाल्डे. हीही ग्रामीण काउंटी, मेक्सिकोच्या सीमेपासून फार लांब नाही. गावाची वस्ती पंधरा हजार. गावाच्या पोलिसांकडे स्वतःचं स्वॅट पथक होतं. शाळांचे वेगळे पोलीस होते. बंदूकधारी शिरला तर काय करायचं, याचं प्रशिक्षणही दोनच महिन्यांपूर्वी झालं होतं. त्या प्रशिक्षणातला धडा साधा आहे. १९९९च्या कोलंबाइन हत्याकांडानंतर अमेरिकेतल्या पोलिसांना तो शिकवतात. वाट बघू नका, आत जा.

२४ मे २०२२. सकाळी ११ वाजून ३३ मिनिटांनी अठरा वर्षांचा एक तरुण रायफल घेऊन रॉब प्राथमिक शाळेत शिरला. तीन मिनिटांत पोलीस आत होते. गोळ्या आल्या आणि ते मागे हटले.

मग ते थांबले.

ढालींची वाट बघत थांबले. किल्ल्यांची वाट बघत थांबले. हुकमाची वाट बघत थांबले. वर्गातली मुलं दबक्या आवाजात पोलिसांच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करत होती. बाहेर आईबाप आत जाऊ द्या म्हणून ओरडत होते आणि पोलीस त्यांनाच अडवत होते. मारेकऱ्याला गाठेपर्यंत ७७ मिनिटं गेली. शेवटी वर्गात घुसले ते सीमा गस्ती दलाचे लोक. एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या.

त्या दिवशी तिथे किती पोलीस जमले होते? टेक्सास विधिमंडळाच्या समितीने मोजले. ३७६.

समितीने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. त्या वर्गाच्या दाराला बहुधा कुलूप लागलेलंच नव्हतं. कोणी मूठ फिरवून बघितली नाही.

हे वाचताना मराठी माणसाला मुंबईवरच्या हल्ल्याची रात्र आठवते. २६ नोव्हेंबर २००८, गिरगाव चौपाटी. पोलीस तुकाराम ओंबळेंच्या हातात काठी होती. समोर एके-४७. त्यांनी नळी धरली आणि सोडली नाही. गोळ्या त्यांच्या शरीरात गेल्या आणि दहशतवादी कसाब जिवंत सापडला. एनएसजीचे कमांडो मानेसरहून पोचायचे बाकी होते, तेव्हाची ही गोष्ट. ओंबळेंना नीट शस्त्र आणि चिलखत द्यायला हवं होतं. ते दिलं नाही हा आपल्या व्यवस्थेचा गुन्हा आहे. पण ३७६ जणांकडे ते सगळं होतं.

साहित्य आलं की शहाणपण आणि धैर्य पाठोपाठ येतं, असं मानणाऱ्यांनी युवाल्डेचा अहवाल एकदा वाचावा.

हॅबरशॅममध्ये थांबायला हवं होतं, तिथे घुसले. युवाल्डेत घुसायला हवं होतं, तिथे थांबले. हे दोन उलटे अपघात वाटतात, पण मला त्यांचं मूळ एकच दिसतं. वर्षभर झोपेतल्या माणसांची दारं फोडण्याचा सराव केला, तर जागा असलेला, बंदूक रोखलेला माणूस समोर आल्यावर काय करायचं हे हाताला कुठून ठाऊक असणार? ग्रामीण पथकातले बहुतेक जण तर अर्धवेळ. रोज गस्त घालणारा, समन्स बजावणारा, तुरुंगाची पाळी करणारा माणूसच हाक आली की हेल्मेट चढवतो. त्याला सरावाला मोजके तास मिळतात. ते तास कशावर खर्च करायचे, हाच खरा प्रश्न.

पोलिसांची सुरक्षितता, हे धाडीचं नेहमीचं कारण. अचानक घुसलं की समोरच्याला शस्त्र उचलायला वेळ मिळत नाही म्हणे.

टेक्सासच्या बर्लसन काउंटीत डिसेंबर २०१३ मध्ये पहाटे एका फिरत्या घराचं दार असंच न वाजवता फोडलं. गांजाच्या रोपांसाठी. आतल्या माणसाला वाटलं दरोडेखोर आले. त्याने गोळी झाडली. एक डेप्युटी ठार झाला. ग्रँड ज्युरीने खुनाचा आरोप ठेवायला नकार दिला. अंधारात दार फुटल्यावर कोणीही हेच केलं असतं.

रोपं पळून जाणार होती का? एका तरुण अधिकाऱ्याचा जीव काही कुंड्यांसाठी गेला.

प्रिन्स्टनचे जोनाथन मुमोलो यांनी २०१८ साली मेरीलँड राज्याची आणि देशभरातली आकडेवारी तपासली. लष्करी थाटाच्या पथकांमुळे पोलीस अधिक सुरक्षित झाल्याचा किंवा गुन्हे घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट दिसलं ते वेगळंच. अशा पथकांचे फोटो बघून लोकांच्या मनातली पोलिसांची प्रतिमा खालावू शकते.

राज्यांपैकी मेरीलँडचीच आकडेवारी का? कारण मोजायची बुद्धी आधी त्याच राज्याला सुचली होती.

त्यालाही कारण घडावं लागलं. जुलै २००८ मध्ये बर्विन हाइट्स या छोट्या गावचे महापौर चाय कॅल्व्हो यांच्या घरावर काउंटीच्या पथकाने धाड घातली. गांजाचं पार्सल त्यांच्या पत्त्यावर आलं होतं. तस्करांची ती युक्तीच होती. भलत्याच्या पत्त्यावर पाठवायचं आणि मधल्या मध्ये उचलायचं. पथकाने घुसताच महापौरांचे दोन लॅब्रॅडॉर गोळ्या घालून मारले. महापौरांना आणि त्यांच्या सासूला बांधून ठेवलं. दोघांचाही काही संबंध नव्हता.

गावच्या पोलीस प्रमुखाला या धाडीची खबरही नव्हती. त्याला एक फोन केला असता तर महापौर कोण, हे तरी कळलं असतं.

कॅल्व्हो गप्प बसले नाहीत. २००९ साली राज्याने कायदा केला, की प्रत्येक पथकाने दर सहा महिन्यांनी हिशेब द्यायचा. पहिला हिशेब आला तेव्हा कळलं, की एकट्या मेरीलँडमध्ये दिवसाला सरासरी चाराहून जास्त धाडी पडतात. दहांतल्या नऊहून अधिक वॉरंट बजावायला. तोपर्यंत हा आकडा कोणालाच माहीत नव्हता. राज्यपालांना नाही, विधिमंडळाला नाही, ज्यांची दारं फुटत होती त्यांना तर नाहीच.

कायद्याला मुदत होती. २०१४ साली ती संपली. नूतनीकरण झालं नाही.

ज्या वर्षी हॅबरशॅमचं दार फुटलं, त्याच वर्षी.

उपाय कोणाला माहीत नाहीत, असं नाही. छोट्या काउंट्यांनी आपापली अर्धकच्ची पथकं मोडून चार-सहा मिळून एक नीट पथक ठेवावं. घराला वेढा घालावा, भोंग्यावरून बाहेर बोलवावं, थांबावं. संशयित कामाला निघाला की रस्त्यात धरावं. घरात लहान मुलं आहेत का, हे दिवसाउजेडी बघून यावं. अमली पदार्थांच्या साध्या वॉरंटला रात्रीची मुभाच देऊ नये. यातल्या एकाही गोष्टीला सात लाखांची गाडी लागत नाही.

आता घरचं बोलू. आपल्याकडेही एका ग्रामीण जिल्ह्याचं स्वतःचं पथक आहे. गडचिरोलीचं सी-६०. १९९० साली उभं राहिलं, नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी. त्याची ताकद गाड्यांत कधीच नव्हती. स्थानिक पोरं, गोंडी-माडिया बोलणारी, जंगलाची वाट पायाखालची. त्यांनी माणसं गमावली आहेत. त्यांच्या हातून माणसं मेलीही आहेत आणि त्यातल्या काही चकमकींबद्दल प्रश्न विचारले गेले आहेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. ज्या कामासाठी पथक काढलं, ते काम संपत आलंय. ही आनंदाचीच गोष्ट. पण लॉस एंजेलिसमध्ये ठरावीक कामासाठी निघालेलं पथक काम नसताना कुठवर पोचलं, ते आपण आत्ताच पाहिलं. सी-६०च्या जवानांना उद्या कुठे पाठवणार? खाणीविरोधात बसलेल्या गावकऱ्यांसमोर? ग्रामसभेबाहेर? हे कोण ठरवणार आणि कुठे लिहिणार?

मेरीलँडच्या कायद्यात रकाने होते. पथक किती वेळा बाहेर पडलं. कुठे गेलं. कोणत्या अधिकाराने, कोणत्या कारणासाठी. दार फोडलं का. गोळी झाडली का. काय जप्त केलं, कोणाला अटक केली. माणूस किंवा पाळीव जनावर जखमी झालं का, मेलं का. एवढं एका पानावर मावतं. गडचिरोलीच्या पोलीस अधीक्षकांनी ते पान येत्या सहामाहीपासून भरावं आणि जिल्हा परिषदेच्या फलकावर लावावं. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.